साइडकारचा चौथा जोड

मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हाच केनेशनं तिचा आवाज ओळखला होता. तरी तो शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरखाली आडवाच पडून राहिला. ज्या इंजिनाची धडधड आपण सत्तावीस वर्षं ऐकली, ते दुसऱ्याच कुणी दाराशी आणायचं आणि आपण धावत जाऊन फाटक उघडायचं, हे त्याला जमण्यासारखं नव्हतं.

"केनेश! ए मिस्त्री! मेलास का?"

"मेलो असतो तर तुला खांदा द्यायला बोलावलं असतं," ट्रॅक्टरखालून उत्तर आलं. "फाटक उघडंच आहे. ढकल."

दोलोत आत आला. तोच तो मोठ्यानं हसणारा दोलोत, डोक्यावर पांढरी फेल्टची टोपी, ओठांवर कुठल्या तरी गाण्याची अर्धी ओळ. पस्तीस वर्षं त्यानं दुधाचा टँकर चालवला आणि तळ्याकाठच्या प्रत्येक गावात एकेक चहा जोडून ठेवला. केनेश आणि तो एकाच वर्गात शिकले. तेव्हापासून दोलोतनं विनोद केला की वर्ग हसायचा, आणि तोच विनोद केनेशनं केला की मास्तर कान पिळायचे.

गाडी मात्र देखणी दिसत होती. साठ वर्षांची जुनी लष्करी मोटारसायकल, दोन्ही अंगांना पसरलेले सिलिंडर, उजवीकडे होडीसारखी साइडकार. दोलोतनं तिला गडद हिरवा चकचकीत रंग दिला होता. साइडकारमध्ये नवं कातडं बसवलं होतं आणि दिव्यांच्या कडा घासून अशा लखलखीत केल्या होत्या की अंगणातली जर्दाळूची झाडं त्यांत वाकडीतिकडी उमटत होती.

"कशी दिसते?" दोलोतनं विचारलं.

"कोबीसारखी."

दोलोत खदखदून हसला. टोमणा मारावा आणि समोरच्यानं तो तळलेल्या बोरसोकासारखा चवीनं खाऊन टाकावा, यासारखी हार नाही.

गाडी मुळात उल्कान एजेची. गावातले सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचे; ती सामूहिक शेतीच्या काळापासूनची गावची गुरांची डॉक्टर. थंडी असो, चिखल असो, साइडकारमध्ये औषधांची पेटी आणि परत येताना एखादं आजारी कोकरू घालून ती डोंगरावरच्या कुरणांवर जायची. गाडी मोडली की दुरुस्त करायचा केनेश. क्लच त्यानं बदलला, पिस्टन त्यानं बसवले, सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा नळाच्या पाइपातून बुशांच्या कड्या त्यानंच कातल्या. एजेचे गुडघे गेले आणि गाडी गोठ्यात उभी राहिली, तेव्हा ती कुणाकडे जाणार हा प्रश्न केनेशच्या मनात कधी आलाच नाही. आणि गेल्या वसंतात एक दिवस दोलोत तिला ट्रेलरवर घालून, गाणं म्हणत, भर गावातून आपल्या घरी घेऊन गेला. एजेनं ती त्याला देऊन टाकली होती. फुकट.

त्या दिवसापासून वर्षभर केनेशनं दुकानापुढच्या बाकावर बसून गाडीला नावं ठेवली. मागचं चाक वाकडं बसवलंय. इंजिन खोकतंय. हा रंग पहिल्या बर्फात सोलून निघेल. सुरुवातीला लोकांनी ऐकलं, मग हसले, आणि नंतर त्याच्या तोंडावरच म्हणू लागले, "मिस्त्रीच्या पोटात दुखतंय." ते खरंच होतं. म्हणून तर इतकं झोंबायचं.

"काम काय?" केनेशनं हात पुसत विचारलं.

दोलोतनं खिशातून घडीचा कागद काढला. परवा नऊ मे. महायुद्धाच्या विजयदिनाला तालुक्याच्या गावात जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. गाडी चालवण्याजोगी आहे अशी मिस्त्रीची सही असल्याशिवाय मिरवणूकवाले ती रांगेत उभी करू देणार नव्हते.

"केबली कुठे अडतात-घासतात का, सांगाड्याचे ब्रॅकेट ठीक आहेत का, ब्रेक लागतो का, एवढं बघ," दोलोत म्हणाला. "तुझ्याइतकी ही कुणाला माहीत आहे?"

'मग ती तुझ्याकडे कशी?' हे केनेशच्या जिभेच्या टोकावर आलं. त्यानं ते गिळलं आणि कंदील घेतला.

केबलींपासून त्यानं सुरुवात केली. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं, डावीकडे पूर्ण वळवलं. क्लचची केबल हेडलाइटच्या कानाला नुसती शिवत होती, तिथं त्यानं रबराचा तुकडा बांधला. पुढच्या ब्रेकची केबल मडगार्डपासून बोटभर दूर होती, ठीक. मग त्यानं इंजिन चालू करायला सांगितलं. गाडी शांत धडधडू लागली. केनेशनं अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीला हात न लावता हँडल हळूहळू डावीकडे नेलं. शेवटच्या वीतभर वळणात इंजिनाचा आवाज आपोआप चढला, चढतच गेला. हँडल सरळ केल्यावर पुन्हा खाली आला.

केनेशच्या छातीत गोड कळ उठली. वर्षभरात पहिल्यांदा त्याला खरंखुरं काही सापडलं होतं.

"ऐकलंस?"

"काय?"

"काय म्हणे! पस्तीस वर्षं टँकर चालवलास की खेचर? मुठीला कुणी हात लावलाय का? हँडल डावीकडे वळवलं की केबल ताणली जाते आणि गाडी स्वतःच पळायला लागते. दरीकडच्या वळणावर ब्रेक दाबायचास आणि ही उधळायची." त्यानं टाकीखाली बोट दाखवलं. "अ‍ॅक्सिलरेटरच्या दोन्ही केबली तू हँडलच्या मानेच्या चुकीच्या बाजूनं ओढल्यास. पुढून नेल्यास म्हणून अपुऱ्या पडतात. मागून न्यायच्या, आणि वर नखभर ढिलाई ठेवायची. एजेकडे असताना असं कधी झालं नव्हतं."

दोलोतचा चेहरा पडला. "खरंच की," तो म्हणाला. "बरं झालं तू बघितलंस. घरी जाऊन लांब पाना आणि चिमटा आणतो. टाकी उतरवू."

वाद नाही, बहाणा नाही. तो निघूनही गेला. केनेशला वाटलं होतं की हा क्षण जरा जास्त वेळ टिकेल.

तो येईस्तोवर ब्रॅकेट बघून घ्यावेत म्हणून केनेश गाडीखाली शिरला. साइडकार सांगाड्याला चार ठिकाणी जोडलेली असते. वरचे दोन दांडे घट्ट होते. खालचा पुढचा जोड घट्ट. चौथ्या, मागच्या खालच्या जोडाशी कंदील नेला तेव्हा त्याला रंगावर केसासारखी एक तांबूस रेघ दिसली.

त्यानं नखानं रंग खरवडला. मग रॉकेलचा बोळा फिरवला, जागा कोरडी पुसली आणि वर खडूची भुकटी फुंकली. क्षणभर काही झालं नाही. मग पांढऱ्या भुकटीतून हळूहळू एक काळी ओली रेघ वर आली. दोन बोटं लांब. धातू तडकला होता.

आणि तडा वेल्डिंगच्या कडेनं गेला होता. ते वेल्डिंग केनेशचं होतं. स्वतःच्या हस्ताक्षराइतकं त्यानं ते ओळखलं. सामूहिक शेती मोडली त्या वर्षाच्या हिवाळ्यात, गाडी ओढ्यात घसरून ब्रॅकेट तुटला होता. वेल्डिंगच्या काड्या कुठं मिळत नव्हत्या. गोदामातल्या ओलसर काड्या चुलीवर शेकून त्यानं बर्फात पाठ टेकून तो जोड लावला होता. तात्पुरता. नंतर नीट करू म्हणाला होता, आणि जोड टिकला म्हणून विसरून गेला होता.

बाहेर पावलं वाजली. केनेशनं चिंधीनं खडू पुसून टाकला. का पुसला, हे त्यालाही त्या घटकेला सांगता आलं नसतं. हात आधी गेला.

"खालचं ठीक?" दोलोतनं विचारलं.

"ठीक," केनेश म्हणाला.

दोघांनी मिळून टाकी उतरवली, केबली मानेच्या मागून ओढल्या. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, इंजिन एका सुरात चालत राहिलं. केनेशनं कागदावर सही केली. दोलोतनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गात गात निघून गेला.

जेवताना बायकोनं, बुरुलनं, दोनदा विचारलं, "अहो, काय झालं? शोर्प्याचा रस्सा पाणचट झालाय का?"

"नाही."

"मग चमचा असा का फिरवताय, विहिरीत पडलेली बादली शोधल्यासारखा?"

केनेशच्या डोळ्यांपुढे मिरवणूक चालू होती. मंडपासमोर बँड वाजतोय, दोलोत टोपी हलवून लोकांना हात दाखवतोय, आणि बरोबर तिथंच, सगळ्यांच्या देखत, साइडकार कुरकुरत एका अंगाला बसते. कुणाला लागत नाही, कुणाला काही होत नाही. नुसतं हसू. कोबी फुटला! जोड कुणाचा होता हे कुणाच्या ध्यानात राहणार? रंग दोलोतचा, कातडं दोलोतचं, फजितीही दोलोतची. इतकी वर्षं टिकला तो, तालुक्यापर्यंतचे आणखी अकरा किलोमीटर टिकेल. नाही टिकला तरी मंडपाशीच जाईल. जणू तडा केनेशला विचारून पुढं सरकणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उल्कान एजेकडे गेला. आपण का चाललोय हे त्यानं स्वतःलाच नीट सांगितलं नव्हतं. एजे ओट्यावर उन्हात बसून गुडघ्यांना मेंढीची चरबी चोळत होती. एक्याऐंशी वर्षांची, पण आवाज अजून बैलाला थांबवेल असा.

"कोण, केनेश? आज वाट चुकलास?"

"सहज आलो, एजे."

"सहज कधी आलास रे तू? गोठ्यात गाडी होती तेव्हा यायचास. आधी गोठ्यात शिरायचास, मग जाताना दारातून मला सलाम. गाडी गेल्यावर वर्षात हा पहिलाच फेरा. बस. चहा ओतून घे, मला उठवू नकोस."

केनेशनं प्याल्यात चहा ओतला. मग वर्षभर दातांखाली धरलेलं एकदाचं बाहेर पडलं. "मला का नाही दिलीत, एजे? सत्तावीस वर्षं मी तिचं केलं. दोलोतला तर स्पॅनर कुठून धरायचा तेही कळत नाही."

एजेनं चरबीची वाटी बाजूला ठेवली.

"खरं सांगू? तुला दिली असती तर तू ती धुऊनपुसून चादरीखाली ठेवली असतीस. कोंबडीला वर बसू दिलं नसतंस, मग मला कुठलं बसवतोस! मला मरायच्या आधी एकदा वरच्या कुरणावर जायचंय. दोलोत दर शुक्रवारी यायचा, गप्पा ठोकायचा, एकदा म्हणाला, 'एजे, गाडी चालू झाली की तुम्हाला साइडकारमध्ये घालून वर नेतो.' तू कधी म्हणालास?"

केनेशनं 'नाही' अशी मान हलवली.

"म्हणून दिली. तुझ्या हाताला कमी लेखून नाही." ती हसली. "उलट कालच दोलोतला सांगितलं, बाबा, सगळं तपासून घे, फक्त खालच्या मागच्या जोडाकडे बघू नकोस. तो केनेशनं बर्फात झोपून लावलाय. मी त्याच्यावर विसंबून ओढे ओलांडलेत. तो माझ्या हाडांपेक्षा पक्का आहे."

कुणी तोंडात मारली असती तर केनेशनं उलटून मारली असती; हे बोलणं मात्र सोसवेना. तो उठला, प्याला तसाच राहिला. एजे मागून ओरडली, "अरे, चहा तर पी! मेल्याला आता माझ्यासाठीही वेळ नाही!"

दोलोतच्या अंगणात चार-पाच माणसं जमली होती. उद्याच्या तयारीसाठी दोलोत हँडलला लाल फीत बांधत होता.

"गाडी काढू नकोस," केनेश म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मागचा खालचा जोड तडकलाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. दोलोत फीत हातात धरून उभा राहिला.

"काल बघितलास ना? ठीक म्हणालास. सही केलीस."

"केली. तडा आहे."

"काल नव्हता, आज आला? एका रात्रीत?" दोलोतच्या आवाजातलं हसू आटलं. केनेशनं त्याला असं बोलताना आजवर ऐकलं नव्हतं. "वर्षभर तू बाकावर काय काय बोललास ते सगळं मला कळत होतं. कोबी म्हण, बेडूक म्हण. हसलो मी. म्हटलं, मित्र आहे, जळतोय, जळू दे, थंड होईल. पण मिरवणुकीच्या आदल्या दिवशी? सही करून?"

"खोडा घालायचाय त्याला, दुसरं काय!" एक शेजारी म्हणाला. "लक्ष देऊ नकोस, दोलोत."

केनेशनं चूक नेमकी कुठं केली हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. वर्षभर खोटं बोलून त्यानं आपली जीभ अशी झिजवली होती की आज खरं बोलायला तिच्यावर धारच उरली नव्हती.

"रॉकेल दे," तो म्हणाला. "आणि खडू. खडू नसेल तर पीठ चालेल."

दोलोत हलला नाही. शेवटी त्याची सूनच घरातून बाटली आणि पिठाची वाटी घेऊन आली. केनेश चिखलात पाठ टेकून गाडीखाली गेला. बोळा फिरवला, पुसलं, पीठ फुंकलं.

"इकडे ये. तूच बघ."

दोलोत गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. दोघांची डोकी साइडकारखाली जवळजवळ आली. पिठातून काळी रेघ वर येत होती. कालच्यापेक्षा नखभर लांब, निदान केनेशला तरी तसं वाटलं.

"हे काल दिसलं होतं तुला," दोलोत हळूच म्हणाला.

"हो."

"आणि पुसलंस."

"हो."

"का?"

"जोड माझा आहे," केनेश म्हणाला. "आणि गाडी तुझी आहे."

दोलोत बाहेर सरकला, उठला, गुडघ्यांवरचा चिखल झटकला. बाकीचे बघत होते. कुणीतरी विचारलं, "काय? आहे का खरंच?"

"आहे," दोलोत म्हणाला. पुढं तो काही बोलला नाही. ती रेघ कुणाच्या हातची, कुणी लपवली, यातलं एक अक्षरही नाही. आणि केनेशला त्या गप्प राहण्याचासुद्धा हेवा वाटला. त्याच्या जागी आपण असतो तर चौकात दवंडी पिटली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुपारभर काम चाललं. साइडकार उतरवली. केनेशनं जुना जोड ग्राइंडरनं पार मुळापर्यंत काढला, तडा जिथं संपत होता तिथं बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढं पळू नये. दोलोतनं बॅटरी काढली, ओलं पोतं टाकीवर टाकलं आणि सांगेल ते हातात देत राहिला. एकदा चुकीचा पाना दिला.

"हा नव्हे, सतराचा."

"हा सतराचाच आहे."

"तो एकोणीसचा आहे. वाचता येतं का? शाळेत माझ्याच वहीतून उतरवायचास."

"म्हणून तर नापास झालो," दोलोत म्हणाला.

केनेश हसला नाही, पण हात जरा हलका झाला. ब्रॅकेट गरम करून त्यानं कोरड्या काड्यांनी नवा जोड घातला, आतल्या कोपऱ्यात जाड पट्टी बसवली, आणि सावकाश निवू दिला. चकचकीत हिरवा रंग वीतभर जळून काळा झाला होता.

"रंगाला वेळ नाही," केनेश म्हणाला.

"असू दे."

सगळं बसवल्यावर त्यानं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. हँडल डावीकडे, उजवीकडे, केबलींना हात, चारही जोडांना पाना. मग त्यानं दोलोतकडून कागद मागितला आणि काल केलेल्या सहीखाली त्या दिवशीची तारीख घालून पुन्हा सही केली.

मिरवणूक झाली. केनेश गर्दीत उभा होता. उल्कान एजे जुना पांढरा डॉक्टरी कोट घालून साइडकारमध्ये बसली होती, आणि मंडपासमोर आल्यावर तिनं असा हात हलवला की जणू सगळी मिरवणूक तिच्याच मागं चालली होती. टाळ्या कडाडल्या. मुली दोलोतच्या गळ्यात फुलं घालत होत्या. शेजारच्या कुणीतरी म्हटलं, "गाडी सुरेख, पण खाली रंग जाळलाय बघा." दुसरा म्हणाला, "मिस्त्रीनं. जळका स्वभाव." केनेशनं ऐकलं आणि मान वळवली नाही. गाडी पुढून जाताना तो फक्त चौथ्या जोडाचा आवाज ऐकत होता. कुरकुर नव्हती. तरी दोलोतच्या गळ्यातली ती फुलं त्याला खुपलीच. खुपायची थांबतील असं त्याला वाटलंही नव्हतं.

जूनमध्ये वरच्या खिंडीतलं बर्फ वितळलं तेव्हा दोलोत पुन्हा फाटकाशी आला. एजे साइडकारमध्ये घोंगडी पांघरून तयार होती.

"मागं बस," दोलोत म्हणाला.

"कशाला?"

"वाटेत मोडली तर मी काय गाणं म्हणू?"

"बस रे!" एजे ओरडली. "माझं आयुष्य कमी राहिलंय, तुमची भांडणं लांब."

केनेश दोलोतच्या मागं बसला. सबंध चढावर तो दात आवळून होता. दोलोत गिअर उशिरा टाकायचा, क्लच अर्धाच दाबायचा, आणि प्रत्येक वेळी केनेशच्या स्वतःच्या डाव्या हाताची मूठ आपोआप वळायची. दरीकडच्या डाव्या वळणावर मात्र इंजिन एका सुरात राहिलं, आणि दोलोतनं मागं न बघता अंगठा वर केला.

कुरणावर मेंढपाळ तंबूतून बाहेर आले. एजेला त्यांनी दोघादोघांनी उचलून उतरवलं, तिच्या हातात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा वाडगा दिला. एक पोरसवदा मेंढपाळ गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "काय गाडी आहे! कुणाची ही?"

दोलोतनं तोंड उघडलं. केनेशनंही उघडलं. आणि दोघंही एकमेकांकडे बघून थांबले.

"माझी," उल्कान एजे म्हणाली, वरच्या ओठावरचा फेस पुसत. "हे दोघं हमाल आहेत. त्यांनाही पाजा काहीतरी."

दोलोतला आधी वाडगा मिळाला. केनेशनं ते पाहिलं. मग तो खाली वाकला, चौथ्या जोडावरून अंगठा फिरवला, आणि आपली पाळी येण्याची वाट बघत गवतात बसला.